पाळण्यातलं नाव

त्या उन्हाळ्यात घाटकोपरला आमच्या बाजूला एकच बोलणं होतं. पोरं पळवणारी टोळी फिरतेय. कुणी म्हणे पोत्यात घालून नेतात, कुणी म्हणे रुमाल हुंगवतात. डोळ्यांनी कुणी काही पाहिलेलं नव्हतं, पण भीती कधी पुरावा मागते का? मी तेव्हा सतरा वर्षांची होते आणि धाकट्या भावाला नळापर्यंतसुद्धा एकटं सोडत नव्हते.

लोकांची समजूत घालायला एका रविवारी पोलीस ठाण्याचे फौजदार आमच्या चाळीत आले. मंडळाने पटांगणात सतरंज्या घातल्या, लाउडस्पीकर लावला, सेक्रेटरींनी नारळ दिला. फौजदार बोलले चांगलं. अफवांवर विश्वास ठेवू नका, कुणाच्या अंगावर हात टाकू नका, म्हणाले. मग लोकांच्या हाती काहीतरी द्यावं म्हणून एक युक्ती सांगितली. संशय आलाच तर माणसाला पोराचं नाव विचारा, नंतर पोराला बाजूला घेऊन विचारा. नावं जुळली नाहीत तर त्याला थांबवून ठेवा आणि वाण्याच्या दुकानातून आम्हाला फोन करा. टाळ्या पडल्या. घरी जाताना युक्ती तेवढी सगळ्यांच्या लक्षात राहिली. हात टाकू नका, हे सतरंज्यांबरोबर गुंडाळलं गेलं.

पुढच्याच आठवड्यात, भर दुपारी, खालून गलका ऐकू आला. पोरं पळवणारा सापडला म्हणे. आई-बाबा कामावर होते. मी भावाला आत ओढलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. सापडला एकदाचा, सुटलो, असंच मला वाटत होतं.

तेवढ्यात खालून आवाज आला, "माजो झील तो. माजोच झील."

मुलाला झील म्हणणारे मालवणी आमच्या चाळीत पुष्कळ होते. पण तो घोगरा आवाज माझ्या मामाचा होता. मामा मुलाला मोठ्या हॉस्पिटलात दाखवायला आणणार होता. पोराच्या छातीत काहीतरी दोष आहे, असं गावच्या डॉक्टरने सांगितलं होतं. पण तो उद्या यायचा होता. भावाला आत ठेवून मी बाहेरून कडी लावली आणि धावत सुटले.

नळाजवळ मामाचे दोन्ही हात मागे धरून ठेवले होते. सदरा फाटलेला, ओठातून रक्त येत होतं. पोर एका बाईच्या कडेवर होतं, रडून रडून ओठ निळे पडलेलं. मानेपर्यंत केस, नाकात चमकी. "पोराला पोरगी करून नेतोय," कुणीतरी म्हणालं. एकाच्या हातात मांडवाचा बांबू होता.

"माझा मामा आहे तो," मी म्हणाले.

"तुला काय माहीत गं? फसवतोय तो," सेक्रेटरी म्हणाले. "पोराचं नाव याने एक सांगितलं, पोराने दुसरंच. साहेब काय बोलले होते? बरं, तूच सांग, नाव काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मामीची आधीची मुलं जगली नव्हती. हे तरी राहावं म्हणून त्याचं नाक टोचलं, नवस फिटेपर्यंत केस ठेवले आणि दृष्ट लागू नये म्हणून त्याला केराकचऱ्याच्या नावाने हाक मारायला लागले. पाळण्यातलं चांगलं नाव घरात उच्चारायचं नाही. शहरातली माणसं विचारताहेत म्हणून मामाने चांगलं सांगितलं. पोराला मात्र आपल्याला ज्या नावाने हाक मारतात तेवढंच ठाऊक होतं.

मी दोन्ही नावं सांगितली.

"दोन-दोन नावं? आत्ता ऐकून सांगतेय ही," बांबूवाला म्हणाला. बांबू वर गेला. मामाने डोळे मिटले. मीही मिटले.

"रे," वरच्या गॅलरीतून सेक्रेटरींच्या म्हाताऱ्या आईचा आवाज आला. "मी तुका काय म्हणान हाक मारतंय, ता सांग त्यांका. आणि तुझा नाक कोणी टोचल्यान, ता पण सांग."

सेक्रेटरींचा हात आपसूक नाकाकडे गेला. नाकपुडीवरचा बुजलेला ठिपका सगळ्यांनी रोज पाहिलेला होता, आणि त्यांची आई त्यांना काय हाक मारते तेही सगळ्या चाळीला पाठ होतं. बांबू खाली आला. कुणी मामाची पिशवी आणून दिली, कुणी पाणी. बघता बघता पटांगण रिकामं झालं. फौजदार जीपमधून आले तेव्हा दम द्यायलाही फारसं कुणी उरलं नव्हतं.

सेक्रेटरींनी स्वतः चहा आणला. मामाने कपाला हात लावला नाही. गावी परत जातो म्हणत होता, संध्याकाळी कामावरून आलेल्या माझ्या आईने हातापाया पडून ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर हॉस्पिटलला गेले. केसपेपरच्या खिडकीपाशी आमचा नंबर आला. आतल्या माणसाने मान वर न करता विचारलं, "मुलाचं नाव?"

मामाने मागे वळून रांगेतल्या माणसांकडे पाहिलं. पोराला घट्ट छातीशी धरलं. मग माझ्या कानाशी वाकून, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने तो म्हणाला, "खयचा नाव सांगू गो?"