सिंकमधलं उष्टं ताट

दुपारचे दोन वाजले की ती केस अजूनही माझ्यासमोर येऊन बसते. डॅलसच्या बाजूच्या एका गावात मी पंचवीस वर्षं पोलीस खात्यात काढली, त्यातली शेवटची अकरा डिटेक्टिव्ह म्हणून. खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यांतलं फारसं काही आता आठवणीत छळत नाही. ही केस मात्र छळते, आणि गंमत म्हणजे हिच्यात कागदोपत्री गुन्हाच नव्हता. नावं सांगणार नाही. ती माणसं आजही माझ्या घरापासून दोन सिग्नल पलीकडे राहतात.

आमच्या ठाण्यात भारतीय चेहऱ्याचं कुणीही आलं, की काउंटरवरून मला हाक यायची, "तुझ्या भाषेतलं कुणीतरी आलंय." तेलुगू, तमिळ, गुजराती, सगळ्या माझ्याच भाषा! त्या दिवशी मात्र खरोखरच मराठी बाई होती. सत्तरीची, नऊवारी नव्हे, साधी पाचवारी, आणि पायात नातीचे गुलाबी बूट. टेक्ससच्या मे महिन्यातल्या उन्हात चाळीस मिनिटं चालत आली होती. मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने ती बाजूला सरकवून हातातली प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि आतून स्टीलचं ताट काढलं. उष्टं. आमटी वाळून कडेला चिकटलेली. माझी ड्युटीवरची जोडीदार, जन्मापासून टेक्ससमधली, उंचीपुरी गोरी बाई, खुर्ची मागे घेऊन बसली.

"साहेब, हे माझ्या मुलाचं ताट आहे," काकू म्हणाल्या.

"मग?"

"मुलगा बँकॉकला आहे. अडीच महिने झाले."

मी ताटाकडे पाहिलं. काठावर कढीपत्त्याची पानं ओळीने लावलेली होती, पानाला पान टेकवून, एखाद्याने पट्टी धरून लावावीत तशी.

काकूंनी सांगितलं ते असं. मिरजेत त्यांनी वीस वर्षं खानावळ चालवली. मुलगा इथे आयटीत. त्या सहा महिन्यांसाठी आल्या आणि पंधरा दिवसांत कंपनीने मुलाला बँकॉकला पाठवलं, एका बड्या हॉटेलच्या बुकिंग सिस्टिमच्या कामासाठी. मुक्कामही त्याच हॉटेलात. तिथून रोज सकाळी आठला, म्हणजे त्याच्याकडे रात्रीच्या जेवणाच्या वेळी, ताटाचा फोटो यायचा. आवाज मात्र एकदाही नाही.

सून कामावर आणि नात शाळेत गेली की घरात काकू एकट्या. स्वयंपाक करून झाकून ठेवायच्या आणि दोन वाजता सोफ्यावर आडव्या व्हायच्या. तीन आठवड्यांपूर्वी उठून पाहतात तर सिंकमध्ये जेवलेलं ताट. टेबलावर ताटाभोवती पाणी फिरवल्याचं वर्तुळ, अजून ओलं. दारं बंद. सून म्हणाली, मी नाही आले. दोन दिवसांनी पुन्हा तेच, मग जवळजवळ रोजच.

"पानं अशी लावायची सवय त्याला पाच वर्षांचा असल्यापासून," काकू म्हणाल्या. "खानावळीत रोज शंभर ताटं उचलली मी. उष्टं ताट बघून सांगायची, कोण जेवून गेलं."

"तुम्ही जागं राहून पाहिलं नाहीत?"

"जागीच असते हो. डोळे मिटून पडते. खुर्ची सरकते, ऐकू येतं. पण बघितलं आणि यायचा बंद झाला तर?"

माझ्या मानेवर काटा आला, हे मी आज कबूल करतो. त्या दिवशी केलं नव्हतं.

"साहेब, तो गेलाय, असं मला वाटतं. तिकडेच गेला आणि कुणी आम्हाला सांगत नाही. म्हणून गारच ठेवते रोज, गेलेल्याला ठेवतात तसं. पण कधी वाटतं, नसेल गेला. तेवढंच विचारायला आले. जिवंत असेल तर गरम वाढायला हवं ना."

मी काय केलं? मी म्हणालो, "काकू, हे घरी नेऊन घासून टाका, आणि जरा विश्रांती घ्या." मग सुनेला फोन लावला आणि रजिस्टरमध्ये लिहिलं, वृद्ध महिला, गोंधळलेली, कुटुंबाच्या ताब्यात दिली. पंचवीस वर्षांत मी यापेक्षा निर्बुद्ध नोंद केलेली नाही.

सून धावतपळत आली. ऑफिसचं कार्ड गळ्यात, डोळे लाल. "सॉरी काका, आई हल्ली खूप स्ट्रेसमध्ये आहेत. तो अगदी फाइन आहे, हे बघा ना, रोज फोटो पाठवतो." तिने फोन पुढे केला. मी फोटो सरकवत गेलो. नदीकाठची काचेची खिडकी, पांढरं शुभ्र टेबल, चांदीचे चमचे. काळ्या दगडी ताटलीत कमळाच्या पाकळीवर ठेवलेला एकच झिंगा. नारळाच्या करवंटीत हिरवी करी, वर ऑर्किडचं फूल. डोळ्यांचं पारणं फिटावं असं सगळं. मी "छान" म्हटलं आणि फोन परत दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने उपमा वाढला. दोन घास खाल्ले आणि माझा हात थांबला. मी उपम्यातल्या चमच्याने पडलेल्या खड्ड्याकडे बघत राहिलो. काल पाहिलेल्या साठ-सत्तर फोटोंत असा खड्डा एकदाही नव्हता. एकही झिंगा तोडलेला नव्हता, एकही रुमाल चुरगळलेला नव्हता, एकाही ग्लासाला ओठ लागलेला नव्हता. अडीच महिने जेवणाऱ्या माणसाने एकही घास खाल्ला नव्हता.

ठाण्यात जाऊन मी बँकॉकच्या त्या हॉटेलला फोन लावला. मोठी हॉटेलं पाहुण्याबद्दल अवाक्षर बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. पण ताटाबद्दल बोलतात, आणि अभिमानाने बोलतात. मी रेस्टॉरंटचा व्यवस्थापक मागितला आणि सुनेकडून मागवून घेतलेले पाच फोटो ईमेलने पाठवले. अतिशय आर्जवी आवाजात तो म्हणाला, "सर, हे पदार्थ आमचेच. पण आमच्या आधीच्या शेफचे. ते गेल्यापासून कमळाचा झिंगा आम्ही करत नाही."

"केव्हापासून?"

"वर्ष होऊन गेलं. आणि सर, ती नदीकडची खिडकी आता नाही. तिथे आम्ही भिंत बांधली."

ज्या खिडकीत बसून तो काल रात्री जेवला, ती खिडकीच नव्हती. मी फोन ठेवला. जोडीदाराला सांगितलं तेव्हा तिने कॉफीचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "मग ते फोटो कोण पाठवतंय?"

आता रीतसर बेपत्ता व्यक्तीची नोंद केली. आमच्याकडे पहिला संशय नवऱ्यावर नाहीतर बायकोवर असतो, नियमच आहे तो. सुनेला बोलावून वेगळ्या खोलीत बसवलं. तासभर प्रश्न विचारले. भांडण होतं का? नाही. फोनवर का बोलत नाही? "टाइम झोन काका, आणि तो म्हणतो हॉटेलचं नेटवर्क बेकार आहे." विमानतळावर कोण सोडायला गेलं? कुणीच नाही, टॅक्सीने गेला. माझी जोडीदार ती कुठे चुकते याची वाट बघत होती. मला मात्र ती खोटं बोलत नाही असं वाटत होतं. खोटं बोलणारा माणूस उत्तर तयार ठेवतो. ही प्रत्येक प्रश्नाला आधी स्वतःच दचकत होती.

"त्याचा पासपोर्ट कुठे असतो?" मी विचारलं.

"त्याच्याकडेच असणार ना. घरी असला तर बेडरूमच्या ड्रॉवरमध्ये, आमच्या तिघांचे एकत्र."

"पाहिलात?"

तिने पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? आम्ही तिच्यासोबत घरी गेलो. तिने ड्रॉवर उघडला. तीन निळे पासपोर्ट, रबर बँड लावलेले. ती पलंगावर बसली. मग अगदी हळू म्हणाली, "काका, मग मी रोज कुणाला गुड नाइट म्हणतेय?"

त्याच संध्याकाळी कंपनीकडून उत्तर आलं. हा माणूस तीन महिन्यांपासून त्यांच्याकडे नोकरीला नव्हता. बँकॉकचं काम खरं होतं, पण ते दोन वर्षांपूर्वीचं.

काकू स्वयंपाकघरात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. सुनेला म्हणाल्या, "त्याला लिही. आईला खाऊन झालेलं ताट बघायचंय म्हणावं. भरलेलं नको, उष्टं." सुनेने लिहिलं. उत्तर नाही. दुसऱ्या सकाळी आठ वाजता फोन वाजला. भरलेलं ताट. कडेला लिंबाच्या पानाची गुंडाळी, मासा अख्खा, डोळ्यासकट. आम्ही चौघं त्या माशाकडे बघत उभे होतो. जगातलं प्रत्येक हॉटेल भरल्या ताटाचे फोटो टाकतं. खाल्लेल्या ताटाचा फोटो कुणी टाकत नाही, त्यामुळे तो कुणाला चोरताही येत नाही.

"माणूस मेलाय आणि फोन दुसऱ्याच्या हातात आहे," गाडीत बसताना जोडीदार म्हणाली. फोनचं ठिकाण काढायला कोर्टाची परवानगी लागते. अर्ज केला होता, पण कागद फिरायला वेळ जातो. मी मात्र सिंकचा विचार करत होतो. परत आत जाऊन काकूंना विचारलं, "ते ताट?" त्या म्हणाल्या, "तुम्हीच म्हणालात ना, घासून टाका. घासलं." त्यावर बोटांचे ठसे होते. एका दिवसात कळलं असतं. हातात आणून दिलेला पुरावा मी साबणाने धुवायला लावला होता.

मग एकच मार्ग उरला. ताटावर जेवणाऱ्याची वाट बघणं.

पुढच्या दुपारी मी कोठीच्या अर्धवट उघड्या दाराआड उभा राहिलो. जोडीदार कपडे धुण्याच्या खोलीत. सुनेला आणि नातीला बाहेर पाठवलं. काकूंनी आमटी, भात, वांग्याची भाजी झाकून ठेवली आणि सोफ्यावर डोळे मिटून आडव्या झाल्या, रोजच्यासारख्या. मी त्यांना बजावलं होतं, काही झालं तरी उठायचं नाही. आमच्याकडे घरात शिरलेला अनोळखी माणूस आणि पोलीस समोरासमोर आले की फार वाईट घडू शकतं, आणि घडायला एक सेकंद पुरतो.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. घरात फ्रिजची घरघर तेवढी. दोन वाजून दहा मिनिटांनी घराच्या पलीकडच्या टोकाला गॅरेजचं दार वर जाण्याचा दबका आवाज झाला. कुणीतरी बाहेरच्या पॅनेलवर आकडे दाबले होते. मग आतलं दार. जोडीदाराचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेलेला मला फटीतून दिसला.

एक माणूस आत आला. दाढी वाढलेली, शर्ट अंगावर लोंबणारा. त्याने बूट काढले आणि भिंतीला लावून नीट ठेवले. तिथेच मी जोडीदाराला हाताने खूण केली, थांब. घर लुटायला आलेला बूट काढत नाही. तो सोफ्यापाशी गेला, आईकडे बघत उभा राहिला. किती वेळ, सांगता येणार नाही. मग पावलांचा आवाज न करता टेबलाशी आला, झाकण उचललं, ताट वाढून घेतलं, पाणी फिरवलं आणि जेवायला लागला. कढीपत्त्याचं पहिलं पान त्याने काठावर ठेवलं. नियमाप्रमाणे मी तेव्हाच पुढे होऊन हात वर करायला सांगायला हवं होतं. माझ्याने झालं नाही.

दुसरं पान ठेवलं तेवढ्यात सोफ्यावरून आवाज आला. काकूंनी डोळे उघडले नव्हते.

"आमटी गार झाली असेल. थांब, गरम करते."

त्याच्या हातातला घास ताटात पडला. काकू उठल्या, पातेलं गॅसवर ठेवलं आणि त्याच्याकडे पाठ करून ढवळत राहिल्या. त्यांचे खांदे हलत होते. माझ्या जोडीदाराला मराठीचा एक शब्द कळत नाही, पण तिने पिस्तुलावरचा हात काढला आणि तोंडावर ठेवला.

जबाब त्याच टेबलावर घेतला. नोकरी गेली तेव्हा आई यायला तीन दिवस होते. व्हिसाचे दिवस संपत चालले, दुसरं काम मिळेना. आईने मिरजेत सगळ्यांना सांगितलं होतं, मुलगा मोठ्या हुद्द्यावर आहे. म्हणून बँकॉक. हायवेलगतच्या मोटेलात राहायचा. जुन्या खेपेत स्वतः काढलेले फोटो संपल्यावर हॉटेलच्या पेजवरचे जुने घ्यायचा.

"जेवायला का येत होतास?" मी विचारलं.

"आईला बघायला आलो होतो एकदा. वास आला, काका."

"ताट धुवायचंस तरी."

"नळ सोडला असता तर तिला जाग आली असती."

मोटेलच्या खोलीत भिंतीवर कागद चिकटवलेला होता. त्यावर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे कोणता फोटो पाठवायचा ते. चार तारखा उरल्या होत्या. मी विचारलं, "त्यानंतर?" त्यानंतर जगायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं. त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं. सून आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही, पण रोज त्याच्याजवळ जाऊन बसली. पुढे तो बरा झाला, काम मिळालं.

एखादं माणूस संपत चाललं असताना त्याच्याकडून येणारी प्रत्येक खबर छान असू शकते, हे मी या केसमध्ये शिकलो. खरी खबर काकूंनी चाळीस मिनिटं उन्हात चालत माझ्या टेबलावर आणून ठेवली होती. मी तिच्याकडे पाहिलं, कढीपत्त्याची ओळही पाहिली, आणि घासून टाका म्हणालो. चार दिवस उशीर झाला असता तर काकू जन्मभर गारच वाढत राहिल्या असत्या.

निवृत्त झालो तेव्हा त्यांनी मला जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर मी ताट उचलायला गेलो, तर काकूंनी माझा हात धरला. ताट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मिरची बाजूला काढलीत. पित्त वाढलंय तुमचं. ताक देते, बसा."