शेळ्यांच्या गळ्यातलं इंग्रजी

आधी चहा घ्या, मग हसा. माझी फजिती सांगते, पण अट एकच. चुकले असं मी म्हणेन, तुम्ही म्हणायचं नाही.

हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथल्या शेळ्या राखणाऱ्या सात बायकांना मी समाजमंदिरात इंग्रजी शिकवत होते. एबीसीडी सगळ्यांना येत होती, पण लांब शब्द दिसला की पदर तोंडाला. मी म्हटलं, भाकरी काय अख्खी गिळता? तुकडा मोडता ना? तसाच शब्द मोडायचा. मधे 'यूज'. पुढं 'री' लावलं की परत वापरणं, मागं 'फुल' लावलं की कामाचं, 'लेस' लावलं की बिनकामाचं.

डोक्यात काही शिरेना. मग मी शेळ्याच वर्गात आणल्या. पुठ्ठ्यांवर तुकडे लिहून त्यांच्या गळ्यात अडकवले. चांदीच्या गळ्यात 'री', मोरीच्या 'फुल', कबरीच्या 'लेस'. मधला शब्द माझ्या हातात, कधी 'यूज', कधी 'हेल्प'. शेळी पुढं नाहीतर मागं उभी केली की शब्द तयार. महिन्याभरात बायका अशा फडाफडा वाचायला लागल्या की मला माझाच हेवा वाटला.

तेवढ्यात ग्रामसेवक म्हणाले, समाजमंदिर सिमेंटच्या गोण्यांसाठी पाहिजे. माझं डोकंच फिरलं.

"आधी वर्ग बघा साहेब. एक जरी बाई चुकली, तर किल्ली तुमच्या हातात देते."

ते आले. आता तरी मी गप्प बसावं की नाही? पण नाही.

"पुठ्ठे तुम्हीच अडकवा. नाहीतर मागनं म्हणाल, बायांनी लबाडी केली."

त्यांनी अडकवले. हाताला येईल तो पुठ्ठा, दिसेल त्या शेळीला. मग चांदीला पुढं ओढलं. धोंडाबाई, आमच्यातली सगळ्यात थोरली, ठणकावून म्हणाली, "री."

पुठ्ठ्यावर होतं 'लेस'.

कबरी आली. साती जणी एका सुरात म्हणाल्या, "लेस." पुठ्ठ्यावर 'फुल'.

"अहो, पुठ्ठा वाचा, शेळी काय वाचताय?" मी ओरडले.

धोंडाबाई शांत. "ताई, जल्म गेला शेळ्या राखन्यात. शेळीचं त्वांड सोडून गळ्यात कोन बगतंय? तुमी रोज त्योच पुठ्ठा तिच्याच गळ्यात घातला. आमी म्हनलं, चांदी म्हंजी री."

खरंच होतं. पन्नास शेळ्यांतून आपली एक लांबून ओळखणाऱ्या बायका त्या. अक्षराकडे बघायची गरजच मी ठेवली नव्हती. मनातून पार खजील झाले, पण म्हणून काय माघार घ्यायची?

"बाया घाबरल्यात साहेब," मी म्हणाले. "आणा पुढची शेळी, मी वाचून दाखवते."

साहेबांनी मोरी पुढं आणली. मी तिच्याकडे बघितलं आणि मान ताठ करून म्हणाले, "फुल."

साहेबांनी नुसता पुठ्ठा वर उचलला. 'री'.

मी मुकाट्यानं किल्ली काढून दिली.

वर्ग मात्र बंद केला नाही, करणारही नाही. सिमेंटला खुशाल समाजमंदिरात लोळू दे, आम्ही धोंडाबाईच्या गोठ्यात बसतो. पुठ्ठे रोज अदलाबदल करतो. बायका आता औषधाच्या बाटलीवरचे शब्दसुद्धा मोडून मोडून वाचतात.

फक्त मी वाचायला उभी राहिले की धोंडाबाई आधी उठते आणि मोरीला बाहेर नेऊन बांधते.