नऊ फूट चार इंचांचं किचन

टेलरबाईंना आई म्हणणारे दोघंच, बाळ्या आणि सूनबाई. बाकी अख्ख्या गल्लीला त्या टेलरबाईच, पोस्टमनसुद्धा पाकीट वाचायच्या आधी "टेलरबाईऽऽ" अशी हाक मारतो. पुढच्या खोलीत मशीन, मागे किचन, वर झोपायच्या दोन खोल्या, एवढंच घर. आणि त्या घरात सोमवारी सकाळी नऊला मिस्त्री येणार होता. नुसता नाही, घण घेऊन.

झालं असं की सूनबाई उंच. टेलरबाईंच्या मापाने बनवलेल्या ओट्यावर वाकून वाकून तिची कंबर धरायला लागली. मग ठरलं, नवं किचन करायचं. टेलरबाईंची काही तक्रार नव्हती, उलट त्यांनीच विषय काढला होता. त्यांची अट एकच होती, जुनं फोडायचं नाही, ते कुणाच्या तरी घरात लागलं पाहिजे.

"अहो, जुन्या लाकडाला कोण कुत्रं विचारतंय?" मिस्त्री म्हणाला. "सोमवारी मला तिथं दिसलं की दोन घाव आणि भंगारात. अर्ध्या तासाचं काम."

दोन घाव! बाळ्या चौथीत असताना त्यांनी एका उन्हाळ्यात शाळेचे दोनशे गणवेश शिवले होते, बोटांची सालं निघाली होती, आणि त्यातून हे किचन उभं राहिलं होतं. खाली तीन कपाटं, वर तीन, मधे स्टीलचं सिंक. त्याआधी त्या जमिनीवर स्टोव्ह ठेवून उकिडव्या बसून स्वयंपाक करायच्या. पहिल्यांदा उभं राहून भाजी चिरली त्या दिवशी त्यांना आपण कुणीतरी मोठी बाई आहोत असं वाटलं होतं. आणि हा म्हणतो दोन घाव!

बाळ्याने फोनवर जाहिरात टाकली, किचनची आणि त्याच्यासोबत बदलायच्या जुन्या फ्रिज, ओव्हन, वॉशिंग मशीनचीही. फोटो त्याने काढले, मापं आईने घेतली. टेप चोवीस तास आईच्याच गळ्यात असते म्हटल्यावर दुसरं कोण घेणार? तिने भराभर मोजून कागदावर लिहून दिलं, त्याने तसंच्या तसं टाइप केलं.

मंगळवारी फ्रिज गेला. बुधवारी ओव्हन, गुरुवारी वॉशिंग मशीन. फ्रिज नेला तो फोटो स्टुडिओवाला घरी पोचल्यावर फोन करून हसत सुटला. "मावशी, तुमचं माप वाचून मी घाबरून घराचं दार बिजागरीतून काढून ठेवलं होतं! आणि हा पठ्ठ्या आरामात आत गेला की!"

"बरं झालं ना मग. अडकला असता तर मलाच शिव्या घातल्या असत्यास," टेलरबाई म्हणाल्या आणि विसरून गेल्या.

पण किचनला गिऱ्हाईक नाही ते नाहीच. फोटो सगळ्यांना आवडायचे, माप ऐकलं की पुढे बोलणं नाही. एकाचंच मन खरं बसलं होतं, एका बस ड्रायव्हरचं. नुकतंच छोटं घर घेतलेलं, किचनच्या जागी नुसती भिंत. त्याने दोनदा फोन केला. दुसऱ्यांदा म्हणाला, "मावशी, माझी भिंत नऊ फूट. तुमचं किचन नऊ फूट चार. ते चार इंच काय शेजाऱ्याच्या घरात घालू?"

"थोडं कापून..."

"नको हो, चांगली वस्तू कशाला कापायची. राहू दे."

त्या 'राहू दे'ने टेलरबाईंची झोप उडाली. शुक्रवारी तर जेवतानाही त्या कपाटांकडे पाठ करून बसल्या.

शनिवारी दुपारी त्या एका गिऱ्हाइकाचा पडदा कापायला बसल्या. कापड पसरलं, टेप लावली आणि नेहमीसारखं पुटपुटल्या, "चाळीस... इकडे एक, तिकडे एक शिलाईला... बेचाळीस." खडूने रेघ मारली. कात्री उचलली.

आणि कात्री हातातच राहिली.

इकडे एक. तिकडे एक.

"अगं बाई!"

कात्री टाकून त्या किचनमध्ये धावल्या. पहिलं कपाट मोजलं. कागदावरच्या मापापेक्षा दोन इंच कमी! दुसरं, दोन इंच कमी. तिसरंही तेच! तीन कपाटं, सहा इंच. किचन नऊ फूट चार नव्हतंच मुळी, आठ फूट दहा होतं!

"बाळ्याऽऽ! मी शिलाईसकट मोजलंय रे!"

बाळ्या जिन्यावरून धडधडत खाली आला. त्याला कळायला मिनिट लागलं, आणि कळल्यावर त्याने कपाळावर हात मारला. "आई! लाकडाला कुणी शिलाई धरतं का?"

"मी कुठे धरते? हात धरतो! पंचवीस वर्षांची सवय आहे, तो मला विचारतोय होय?"

सूनबाई हसून हसून जमिनीवर बसली. "तरीच फ्रिज बारीक निघाला!"

ड्रायव्हरचा फोन लागेना. बंद. ड्यूटीवर असणार. "संध्याकाळी करू की," बाळ्या म्हणाला, पण टेलरबाई कसल्या थांबतात! तोवर त्याने दुसरं किचन घेतलं तर? त्यांनी चपला घातल्या आणि तडक बस डेपो गाठला.

डेपोत डिझेलचा वास, ओली जमीन, रांगेने उभ्या बसेस. ड्रायव्हर एका बसच्या काचा पुसता पुसता कुणाशी तरी मोठ्याने बोलत होता. आवाजावरून त्यांनीच त्याला ओळखलं.

"किचनवाली मावशी मी. आठ फूट दहा आहे ते!"

त्याने फडकं खाली केलं. "परवा नऊ फूट चार होतं. मावशी, किचन आहे की लोकरीचा स्वेटर? धुतल्यावर आटलं का?"

त्यांनी धापा टाकत सगळं सांगितलं, पडदा, शिलाई, फ्रिज, सगळं. तो बसच्या दाराला टेकून असा हसला की बाजूच्या बसमधला कंडक्टर बाहेर डोकावला.

"आज संध्याकाळी दुसरं एक बघायला जाणार होतो," तो डोळे पुसत म्हणाला. "आता नाही जात. पण उद्या माप मी घेणार हं. माझ्या टेपने. लोखंडी."

रविवारी सकाळी तो मेहुण्याला आणि टेम्पो घेऊन आला. लोखंडी टेप लावली, डोळा बारीक केला. टेलरबाईंनी श्वास रोखून धरला.

"आठ दहा. बरोब्बर!"

त्यांनी पटकन खुर्ची ओढली आणि मट्कन बसल्या. असं बरं वाटत होतं म्हणून सांगू! मग दुपारपर्यंत एकेक स्क्रू निघाला. टेलरबाई मागे उभ्या राहून "हळू रे, कोपरा जपा" म्हणत होत्या, आणि मेहुणा बाळ्याला हळूच विचारत होता, "या टेम्पोतून पण येणार आहेत का?"

"सांगता येत नाही," बाळ्या म्हणाला.

सगळ्यात खालचा ड्रॉवर थोडा अडतो, त्याला मेणबत्ती घासायची, एवढं त्यांनी ड्रायव्हरला दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा हो मावशी म्हणाला.

संध्याकाळी त्याचा फोटो आला. पिवळी भिंत, तिच्यावर किचन, बाजूला दोन बोटांची फट. ओट्यावर पातेलं चढलेलंसुद्धा! टेलरबाईंनी फोटो मोठा केला, लहान केला, परत मोठा केला.

सोमवारी नऊच्या ठोक्याला मिस्त्री आला. रिकामी भिंत बघून त्याने घण खाली ठेवला.

"गेलं?"

"गेलं."

"अख्खं?"

"एक ओरखडा नाही. आता तू फरशी फोड, भिंत फोड, काय फोडायचं ते फोड," टेलरबाई म्हणाल्या, आणि पुढच्या खोलीत जाऊन राहिलेला पडदा मशीनखाली घेतला. आतून घणाचा पहिला आवाज आला. सूनबाईने दचकून त्यांच्याकडे पाहिलं.

टेलरबाई सरळ रेघेत शिवत होत्या.