आहेराचा टॉवेल

मी सर्वस्वाचा त्याग करून येशूच्या मागे निघालो. सर्वस्व म्हणजे नाशिकजवळच्या मळ्यातला झेंडू, आणि तोही वडिलांचा.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडची गोष्ट. मिळेल ते छापील वाचायची मला खोड होती. त्यात एकदा शुभवर्तमान हाती आलं आणि हातीच राहिलं. कोळ्याची दोन पोरं येशूची हाक ऐकताच निघाली, बाप होडीत राहिला, एवढंच तिथे लिहिलंय. बाप काय म्हणाला ते नाही. माझा काय म्हणाला ते मला ठाऊक आहे. बाप्तिस्मा घेऊन चर्चच्या पाळकांसोबत सुरगाण्याकडच्या पाड्यांवर कामाला जाणार, असं मी छाती फुगवून सांगितलं, तेव्हा अण्णा फुलांच्या पाट्या भरत होते.

"जा," ते म्हणाले. "पण दसरा होऊ दे."

फुलवाल्यांच्या घरात दसऱ्याआधी कुणी मरतही नाही. मी थांबलो. मग दिवाळी आली. मग लग्नसराई. शेवटी पाळक म्हणाले, "बाबा रे, प्रभू थांबेल, पण मी रिटायर होईन."

जानेवारीतला एक रविवार ठरला, सायखेड्याला, गोदावरीत. ते कळल्यापासून अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं. निरोप आईमार्फत यायचे: "ते विचारतात, मोटर बंद केली का?" ते शेजारीच बसलेले असायचे.

ते येणार नाहीत हे मी धरूनच चाललो होतो. त्यांना त्या होडीतल्या बापासारखं मागे टाकून जायचं, एवढी एकच गोष्ट सलत होती. बाकी मी आनंदात होतो.

रविवारी नदीवर चर्चच्या मंडळीतली मोजकी माणसं, कडाक्याची थंडी, आणि नव्या पांढऱ्या सदऱ्यात मी. पाळकांनी मला पाण्याखाली घेतलं. वर आलो तेव्हा कान वाजत होते आणि जन्मात वाटलं नव्हतं इतकं हलकं वाटत होतं. डोळे उघडले तर काठावर आमचा फुलांचा टेम्पो. त्यातून आई, मामा, शेजारीपाजारी उतरत होते. शेवटी अण्णा, काखेत पिशवी.

बारसं असो, जावळ असो, वास्तुशांत असो, आमच्याकडे कार्य म्हटलं की टॉवेल-टोपीचा आहेर. बाप्तिस्म्याला काय करतात ते कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून सगळ्याला करतात तेच त्यांनी केलं. अण्णांनी कुंकवाचं बोट पाळकांच्या कपाळाकडे नेलं, मग थबकून विचारलं, "हे चालतं का?"

"टोपी चालेल," पाळक म्हणाले.

मग निथळते पाळक, डोक्यावर कडक टोपी, हातात नारळ, अशा थाटात आशीर्वादाची प्रार्थना झाली. मामांना हसू आवरेना. "सायेब, आता तुम्ही आमचे व्याही दिसायला लागले!" पाळकही हसले. "आमेन" म्हणायचं राहूनच गेलं.

मी कुडकुडत होतो. मंडळीची आत्मिक तयारी भरपूर होती, टॉवेल मात्र कुणी आणला नव्हता. अण्णांनी घडी उलगडून आहेराचा टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला.

"पूस अंग. गारठा लय हाय." मग म्हणाले, "पाड्यावर मीच सोडतो टेम्पोनं. पण पुढच्या दसऱ्याला यायचं."

टॉवेल लालभडक होता आणि कोरा होता. माझा पांढरा सदरा गुलाबी झाला. आईने पुष्कळदा धुतला. रंग गेला नाही.