धुतलेली ताटली

दोन हजार तेवीस साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, तेही अर्धवट. पण गावात कुणापुढं मान खाली घातली नाही. पोलिसांची गाडी नातवाला घेऊन गेली त्या दिवशीही नाही. दोस्तांच्या नादी लागून त्यानं दुसऱ्याची मोटरसायकल पळवली होती. वय कमी, म्हणून शहरातल्या सुधारगृहात ठेवलं. त्याचे आईबाप वारलेले, घरात आम्ही दोघंच. दोन वर्षांनी आणायला गेलो तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, "आजोबा, याला इलेक्ट्रिकचं काम शिकवलंय. आता हा आपल्या पायावर उभा राहील. आणि मागचं कुणी विचारलं तर सांगायची गरज नाही. कायदाच आहे तसा."

कायदा आहे म्हणजे झालं, असं मला वाटलं.

घरी आल्यापासून पोरगा एक करायचा. जेवण झालं की ताटली घासायचा, धुवायचा आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरायचा. मान खाली. मी समजलो, पोट भरलं नाही, मागायला लाजतो. मी गंजातला, म्हणजे पातेल्यातला, भात वाढायचो. तो मुकाट खायचा, पुन्हा धुवायचा, पुन्हा धरायचा. एकदा तर गंजाचा तळ खरवडला.

"बाबू, तिथी तुले खाले देत होते का नाई गा?"

"देत होते."

शेजारची बाई हसायची, "भाऊ, नातू आनला का बैल?" मी आपला खुश. खाणारं पोरगं कामाला मागं हटत नाही.

कुरखेड्याला मोटरपंप दुरुस्तीच्या एका दुकानात माणूस पाहिजे असं कळलं. एसटीनं दोघं गेलो. मालकानं जळालेली मोटर पुढं सरकवली. सुधारगृहात त्याला फळीवर ठोकलेली बटनं जोडायला शिकवलं होतं. मोटर नुसती दुरून दाखवली होती. पोरगा चुकला, पुन्हा चुकला, शिव्या खाल्ल्या, पण तार सोडली नाही. शेवटी मालक म्हणाला, "शिकन हा. इतके दिवस कुठी होता बे?"

पोरगा माझ्याकडं पाहू लागला. मी म्हटलं, "बाहेरगावी. शिकून राह्यला होता." त्यात खोटं काय होतं?

"ठीक आहे भाऊ, उद्यापासून येऊ द्या. आता जेवूनच जा."

मालकाच्या घरून भात-वरण आलं. सगळे दुकानातच बसले. पोरानं खाल्लं, ताटली धुतली आणि सरळ मालकापुढं जाऊन धरली. आधी सुलटी, मग उलटी करून.

मीच बोललो, "वाढा जी त्याले. लाजते तो."

मालकानं भाताचा चमचा उचलला. बाकावर एक म्हातारं गिऱ्हाईक बसलं होतं, ते खी खी करून हसलं. "भात नाई मांगून राह्यला तो. ताट दाखवून राह्यला. सुधारगृहात असंच असते, धुतलं का सायबाले दोन्हीकून दाखवाचं. मी तिथी पोरं सोडाच्या गाडीवर डायवर होतो."

मालकानं चमचा परत गंजात ठेवला.

"भाऊ, तुमी सांगतलं नाई."

"नाई सांगाचं असा कायदा आहे."

"कायदा तुमच्यापाशी, दुकान माह्यापाशी. लोकाइच्या मोटरी इथी पडल्या राह्यतात. एक गेली तं मी तोंड कुठी दाखवू?"

"आज काई गेलं का तुमचं?"

"नाई."

"मंग?"

मालक पोराकडं न पाहता म्हणाला, "नोका आनू उद्या."

परतताना माझं डोकं जळत होतं. बटन कसं जोडायचं ते शिकवलं, कागदावर शिक्का मारला, फाटक उघडलं. पण 'बाबू, आता ताट दाखवायचं नाही' एवढं सांगायला त्यांच्यापाशी एक माणूस नव्हता. आणि तो डायवर! त्याला सगळं माहीत होतं, हसायचंच तेवढं सुचलं.

पोरगा खिडकीशी बसला होता. माझ्याकडं वळून म्हणाला, "आबाजी, मंग तुमी भात काऊन वाढत होते?"

"मले वाटलं, तुले भूक आहे."

"मले वाटलं, इथचा कायदा असन. दाखवलं का खाच लागते. पोट दुखे माह्यं."

आणि हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा. मला हसू आलं नाही.

संध्याकाळी जेवून त्यानं ताटली धुतली आणि माझ्यापुढं आला. मी तोंड फिरवलं. तो उभाच. "ठेव ते," मी ओरडलो, तेव्हा कुठं हात खाली गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी बांधावरच्या पळसाची पानं तोडून आणली आणि काड्या टोचत पत्रावळी लावायला बसलो. शेजारची बाई म्हणाली, "भाऊ, कोन पाहुने येऊन राह्यले?"

"कोनी नाई."

पोराला पत्रावळीवर वाढलं, मीही पत्रावळीवरच घेतलं. जेवण झालं तसा तो ती दोन्ही हातांत धरून उभा राहिला. काय करावं ते त्याला कळेना.

"फेक ते उकिरड्यावर. याले धुवा लागत नाई."

त्यानं फेकली. उरलेला भात मी पळसाच्याच पानांत बांधला, त्याला चप्पल घालायला लावली आणि आम्ही गडचिरोलीच्या गाडीत बसलो. तिथं पंपाची दुकानं जास्त आहेत.