दातांनी ऐकणारे मुख्तार मिस्तरी

जळगावात मेहरूणच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये मुख्तार मिस्तरींचं दुकान. दुकानामागे पडदा आणि पडद्यामागे घर. दुकानात लाकडी मुठीचा एक लांब स्क्रूड्रायव्हर खिळ्याला टांगलेला असायचा. त्याला मिस्तरींची बायको जैनबबी सवत म्हणायची. माझ्या आधीपासून ही यांच्या तोंडाला लागलेली आहे, असं ती आल्यागेल्याला सांगायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं. त्या मुठीवर मिस्तरींच्या दातांचे खड्डे पडले होते.

मिस्तरींना ऐकू येत नसे. लहानपणी दोन्ही कान फुटले, वर्षानुवर्षं वाहिले, आणि वाहून वाहून कायमचे बंद झाले. अगदी जवळ येऊन ओरडलं तर कोणीतरी ओरडतंय एवढंच त्यांना कळे. अशा माणसाने मशीनच्या धंद्यात पडू नये असं कोणीही म्हणेल, आणि त्या वेळी सगळे म्हणालेही. पण जामनेरकडच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चिंधा मिस्तरी नावाचे जुने फिटर होते, त्यांनी या पोराला हाताखाली घेतलं. चिंधा मिस्तरी स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू मशीनच्या बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि आत काय बिघडलंय ते सांगायचे. सगळेच जुने फिटर असं करतात. मुख्तारने करून पाहिलं, काही ऐकू आलं नाही. एक दिवस चिडून त्याने ती मूठ दातांत धरून करकचून चावली, आणि आयुष्यात पहिल्यांदा मशीन त्याच्या डोक्यात बोललं. नुसता आवाज नाही, तर बेअरिंगमधला एकेक छर्रा फिरताना कळत होता. चिंधा मिस्तरी आधी पोट धरून हसले, मग त्यांनी तो स्क्रूड्रायव्हर त्यालाच देऊन टाकला.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. मुख्तार मिस्तरींचं पोट मात्र त्या दिवसापासून दातांवरच भरत आलं. जिनिंग बंद पडलं तेव्हा ते जळगावात आले. पाण्याच्या मोटारी, गिरणीची चक्की, ट्रॉलीचा आस, जे येईल ते दुरुस्त करू लागले. दुसऱ्याने हात टेकलेलं काम त्यांच्याकडे येई. ते मूठ दातांत धरत, डोळे मिटत, आणि जरा वेळाने बोटाने दाखवत, इथे. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडे.

माणसांचं ऐकण्याचं काम मात्र जैनबबीकडे होतं. ती शिंदखेड्याजवळच्या खेड्यातली, लहानपणापासून अहिराणीत वाढलेली. लग्न होऊन आली तेव्हा ती नव्या नवरीसारखी अदबीने हिंदीत बोले, आणि मिस्तरी तिच्या तोंडाकडे बघत बसत. एकदा भाजी करपली, तेव्हा तिच्या तोंडून माहेरची खणखणीत अहिराणी निघाली. मिस्तरींनी ताबडतोब उत्तर दिलं. ओठ वाचायला ते अहिराणी बोलणाऱ्या चिंधा मिस्तरींच्या तोंडाकडे बघून शिकले होते, म्हणून त्यांना अहिराणी ओठच नीट कळायचे. तेव्हापासून या घराची भाषा अहिराणी झाली. गिऱ्हाईक पडद्यापाशी येऊन जैनबबीला सांगे, ती मिस्तरींसमोर उभी राहून तेच ओठांनी सांगे. जेवायला बोलवायचं झालं तर ती स्वयंपाकघरातूनच शेडमधल्या दिव्याची दोनदा उघडझाप करायची. तेवढ्यासाठी मिस्तरींनी तिच्या ओट्याजवळ बटण बसवून दिलं होतं. इतक्या वर्षांत ती स्वतः शेडमध्ये फारशी कधी गेली नव्हती. तिला मशीनची भीती वाटे.

यंदाच्या उन्हाळ्यात मिस्तरींच्या हिरड्या सुजल्या. दाढा तर कधीच्याच गेल्या होत्या, समोरचे दात तेवढे उरले होते, आणि आता तेही हलायला लागले. पू यायला लागला. दातांच्या डॉक्टरीण बाईंनी बघितलं आणि सगळे काढावे लागतील असं सांगितलं. मिस्तरींनी ते ओठ बरोबर वाचले आणि खुर्चीतून उठून सरळ घरी आले.

"दात ग्यात तं मना कान बी ग्यात," ते जैनबबीला म्हणाले.

"आन जीव गया तं? दात काय कबरमा लई जाशात?"

बोलायला ती बोलली, पण त्यांचं म्हणणं तिला पुरतं कळत होतं. ताटातली भाकरी वरणात भिजवून लगदा करून गिळणारा नवरा तिला बघवत नव्हता. आणि दात गेल्यावर शेडमध्ये नुसताच बसून राहिलेला नवरा तर तिला त्याहून बघवला नसता. काम गेलं की हा माणूस उन्हातल्या रोपासारखा मान टाकणार, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं?

अशात भूषण आला. नशिराबादच्या अलीकडे हायवेला त्याचं गार्डन हॉटेल आहे. लॉकडाऊनच्या आधी त्याने तिथे गो-कार्टचा छोटासा ट्रॅक केला होता. मग सगळं बंद पडलं, आणि त्या बुटक्या, चार चाकांच्या, जमिनीला पोट घासत पळणाऱ्या गाड्या कडुनिंबाखाली तशाच पडून राहिल्या. त्यातली एक तो टेम्पोत घालून घेऊन आला होता. सीटमध्ये कोंबड्यांनी घर केलं होतं. मागची चाकं गंजून अशी जाम झाली होती की दोन माणसांनी ओढली तरी गाडी रेड्यासारखी अडून बसे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, घरंच्या घरं लेकरांना घेऊन फिरायला निघतात, तेव्हा त्याला ट्रॅक पुन्हा सुरू करायचा होता. ही जमली तर बाकीच्याही चाचांकडेच, असं त्याने जैनबबीला सांगितलं. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असं तिच्या मनात आलं, पण तिने मिस्तरींना फक्त कामाचंच सांगितलं. एक सौदाही केला. ही गाडी झाली की दात काढायचे. मिस्तरींनी मान डोलावली.

मग मिस्तरी त्या गाडीला भिडले. बैलगाडीचा आस जागच्या जागी असतो आणि चाकं त्याच्याभोवती फिरतात. या गाडीचं उलटं. इथे मागचा आसच फिरतो आणि दोन्ही चाकं त्याच्याबरोबर फिरतात, म्हणून सगळा भार त्या आसावर आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन बेअरिंगांवर. मिस्तरींनी गंजलेल्या सांध्यांवर डिझेल सोडलं आणि गाडी तशीच ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडलं. हातोडा उचलायची त्यांना कधीच घाई नसे. जैनबबी पडद्याच्या फटीतून बघायची. हिसका न देता, शिव्या न घालता, जरा तापवून, जरा निवू देऊन, लेकराच्या बोटातली अडकलेली अंगठी काढावी तसं त्यांनी एकेक चाक उतरवलं. आस बाहेर काढला तर बेअरिंगच्या जागी झिजून कंबर बारीक झालेली. तो पुन्हा वापरण्यात अर्थ नव्हता. त्याच मापाचा नवा त्यांनी शेजारच्या लेथवाल्याकडे उभं राहून करून घेतला. मग दोन्ही बेअरिंगच्या जागा एका रेषेत आहेत का ते बघायला आरपार दोरा ताणला. गाडीची चौकट उजवीकडे जराशी मुरडली होती. तीही त्यांनी सरळ केली, आणि पुन्हा दोरा ताणला. हे सगळं करताना त्यांच्या गालाची सूज वाढत होती, अंगात कणकण होती, आणि त्यांनी त्याचा उच्चारही केला नाही. रागही यावा आणि पायही धरावेत असा हा माणूस, असं जैनबबीला तेव्हा वाटलं.

नवी बेअरिंगं बसवली, आस चढला, चाकं लागली, चेन जोडली. आता गाडी ठोकळ्यांवर उचलून, चाकं अधांतरी फिरवून ऐकायचं तेवढं राहिलं होतं. त्याच सकाळी मिस्तरी उठले ते डोळ्यापर्यंत सुजलेला चेहरा घेऊनच. अंग तव्यासारखं तापलेलं. जैनबबीने रिक्षा बोलावली, त्यांना हाताला धरून बसवलं आणि डॉक्टरीण बाईंपुढे नेऊन उभं केलं. या वेळी ते खुर्चीतून उठले नाहीत. उठायची ताकदच नव्हती.

ताप उतरला, सूज उतरली, जखमा भरत आल्या. मिस्तरी शेडमध्ये गेले आणि त्यांनी खिळ्यावरचा स्क्रूड्रायव्हर काढला. गाडी चालू केली, टोक बेअरिंगच्या घरावर टेकवलं, मूठ हिरड्यांत धरली. डोळ्यांत पाणी आलं, आवाज आला नाही. मग कानामागच्या हाडाला लावून पाहिली, कपाळाला लावून पाहिली. लांबून कुठेतरी नुसती घरघर आली. दातांतून यायचं ते कवटीतून येत नव्हतं. त्यांनी इंजिन बंद केलं आणि तिथेच पेटीवर बसले.

संध्याकाळी भूषण आला. आखाजी तोंडावर आली होती. त्याने चाक हाताने फिरवून पाहिलं, ते लोण्यासारखं फिरलं. झक्क झालंय, घेऊन जातो, असं म्हणून तो टेम्पोवाल्याला फोन लावायला लागला. मिस्तरींनी गाडीवर हात ठेवला.

"पोरंसोरं बसतीन तिन्हामा. ऐकाबिगर मी देवाव नही," ते म्हणाले. मग पडद्यापाशी उभ्या जैनबबीकडे न बघता त्यांनी तिला सांगितलं की भूषणला दुसरीकडे न्यायला सांग, ज्याचे कान धड आहेत त्याच्याकडे. आणि स्क्रूड्रायव्हरला तेलाचा हात लावून ते तो फडक्यात गुंडाळायला लागले. मय्यतीला कफन घालावं तशा त्यांच्या त्या सावकाश घड्या जैनबबीने बघितल्या. दात काढायला तिनेच नेलं होतं.

ती पडद्याबाहेर आली. भूषणला थांब म्हणाली, पदर खोचला, आणि मिस्तरींच्या हातातून ते फडकं ओढून घेतलं.

"काय ऐकू येवाले पाहिजे ते सांगा. मी ऐकस."

मिस्तरींनी तिच्याकडे असं बघितलं की जणू चुलीनेच उठून पाणी भरायला जाते म्हटलं. पण त्यांनी इंजिन चालू केलं. शेड थरथरली. जैनबबीने फडक्यातून स्क्रूड्रायव्हर काढला. मिस्तरींनी तिच्या हातावर हात ठेवून टोक डाव्या बेअरिंगवर टेकवलं, आणि तिने मूठ कानाला लावली. आधी नुसता कल्लोळ. मग हळूहळू तिला त्यात वेगवेगळं ऐकू यायला लागलं. भांड्यांच्या आवाजावरून काय पडलं आणि कोणी पाडलं हे आतल्या खोलीतून ओळखणारे कान होते ते.

"दूध वर येवाना आधी जसं बोलस, तसं शे," ती त्यांच्याकडे तोंड करून म्हणाली.

मिस्तरींनी टोक उजवीकडे नेलं. तिने ऐकलं, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

"आठे जात्यामा खडा शे."

मिस्तरी एकदम पुढे वाकले. खडा दर फेराला वाजतो की मधूनमधून, असं त्यांनी विचारलं. जैनबबीने डोळे मिटले, अगदी त्यांच्यासारखे, आणि पुन्हा ऐकलं. दर फेराला नाही, म्हणाली. त्याच्या मनात येईल तेव्हा.

मिस्तरींनी इंजिन बंद केलं आणि उजवीकडचं बेअरिंग खोललं. दर फेराला वाजलं असतं तर आस वाकडा. मनात येईल तेव्हा वाजतं म्हणजे आत काहीतरी सुटं फिरतंय. ते निघालंही. लेथवरचा लोखंडाचा कीस, चिमटीतही न येणारा. तापात बसवताना पुसायचा राहून गेला असणार. आखाजीपुरती गाडी धावली असती, आणि पुढे कधीतरी भर वेगात लेकरू आत असताना तिचं चाक जाम झालं असतं. भूषण त्या कणाकडे बघत राहिला आणि फोन त्याने खिशात टाकला. मिस्तरींनी सगळं पुसून, ग्रीस भरून पुन्हा बसवलं. जैनबबीने पुन्हा ऐकलं. आता दोन्हीकडे दूधच होतं.

आखाजीला ती गाडी धावली. मग भूषणने दुसरी आणली, तिसरी आणली. मेहरूणच्या त्या शेडमध्ये एक नवीच भाषा सुरू झाली. बेअरिंग कोरडं असेल तर जैनबबी म्हणे ज्वारी भाजली जातेय. छर्रा फुटला असेल तर म्हणे गव्हात खडा, पण मोठा. चेन सैल असेल तर नव्या सुनेच्या बांगड्या. मिस्तरींना प्रत्येक शब्दाचा दोष पाठ झाला. स्क्रूड्रायव्हरला ती अजूनही सवतच म्हणायची, फक्त आता तो तिच्या ओट्याजवळच्या खिळ्याला टांगलेला असे.

पावसाळा सरता सरता मिस्तरींना कवळी बसली. आता हे भाकरी खातील म्हणून जैनबबीला आनंद झाला. एका दुपारी ती पाणी द्यायला पडद्यापाशी आली आणि थांबली. शेडमध्ये पाण्याची एक मोटार चालू होती. मिस्तरी तिच्यावर वाकले होते, ओट्याजवळचा तो स्क्रूड्रायव्हर कधी त्यांनी उचलून नेला होता कोण जाणे, आणि त्याची मूठ त्यांच्या नव्या दातांत होती. डोळे मिटलेले. चेहऱ्यावर हसू पसरत चाललेलं. मग त्यांनी मोटार बंद केली, आणि न चुकता बरोबर जागेवर बोट ठेवलं.

जैनबबी पाय न वाजवता मागे फिरली, जरी तिचे पाय वाजले असते तरी त्यांना ऐकू येणार नव्हतं. स्वयंपाकघरात येऊन ती पीठ मळत बसली. आपली गरज संपली, बरंच झालं, असं तिने मनाशी म्हणून पाहिलं. ते तितकंसं खरं वाटलं नाही.

थोड्या वेळाने तिच्या डोक्यावरच्या दिव्याची दोनदा उघडझाप झाली. तिला ऐकायला बोलवता यावं म्हणून उन्हाळ्यातच कधीतरी मिस्तरींनी शेडमध्येही एक बटण बसवून घेतलं होतं. पिठाचे हात पुसत ती पडद्याबाहेर गेली. मिस्तरी त्याच मोटारीशेजारी उभे होते. त्यांनी स्क्रूड्रायव्हर तिच्यापुढे धरला.

"जैनब, तू ऐक बरं. माले काही समजी नही राहिनं."

तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, मुठीवरच्या ताज्या, ओल्या खुणेकडे बघितलं, आणि पदराने ती पुसून मूठ कानाला लावली.