वाळूतला खळगा

माझ्या दुसऱ्या बाळंतपणाआधीचे महिने मी नागावात जवळजवळ उभ्याने काढले. बसले की कंबरेतून कळ निघे, डाव्या कुल्ल्यातून मांडीच्या मागे उतरे आणि पोटरीतून टाचेपर्यंत जाई. निजले तर कूस बदलायला दुसरे माणूस लागे. मिठाच्या सत्याग्रहाचे दिवस होते. ओटीवर पुरुषमंडळी मिठावर तावातावाने बोलत. आत सासूबाई तेच मीठ तव्यावर भाजून, फडक्यात बांधून माझ्या कंबरेला शेक देत. देशाचे काय झाले ते पुढे सर्वांनी पाहिले. माझ्या कंबरेला मात्र त्या मिठाने घटकाभरच उतार पडे.

वैद्यबुवा आले. त्यांनी दुखण्याला गृध्रसी असे भारदस्त नाव दिले, एक श्लोक म्हटला आणि गर्भिणीला औषध देता येत नाही असे सांगून ते निघून गेले. नाव कळल्यामुळे घरातल्यांना बरे वाटले.

माझी काळजी वेगळीच होती. पहिल्या खेपेला बाळंतपणासाठी म्हसळ्याला माहेरी जाताना बैलगाडीतच कळा सुरू झाल्या होत्या आणि मूल मेलेले जन्मले होते. त्याच्या आदल्या दिवसापासून ते हलले नव्हते, हे माझ्या उशिरा लक्षात आले. म्हणून या खेपेला मी सासरीच राहिले होते आणि पोटावर हात ठेवून हालचालीची वाट पाहत असे. पण पायातली कळ अशी चढे की तिच्याखाली मूल हलले की नाही तेच समजेना. हे मी कोणाला सांगितले नाही. सांगून आणखी एक श्लोक ऐकावा लागला असता.

शेवटी सासूबाईंनी रेवदंड्याहून आत्याबाईंना बोलावले. या माझ्या सासऱ्यांच्या धाकट्या बहीण, जन्मतः पायाळू, म्हणजे पायांकडून जन्मलेल्या. पायाळू माणसाने सकाळच्या वेळी दुखणाइताला पालथे निजवून कंबरेवर पाय लावला की धरलेली शीर सुटते, असा आमच्याकडे समज. आत्याबाईंच्या डाव्या पायाचा मान कुलदेवतेच्या खालोखाल होता. त्या दमणीतून उतरल्या, चौरंगावर बसल्या, पाय धुवून घेतला, नव्या पंच्याने पुसून घेतला. शेजारच्या बायका जमल्या होत्या. मग आत्याबाई उठल्या.

"पालथी नीज गो."

"आत्याबाई, पालथी कशी निजू?"

सगळ्यांनी माझ्या पोटाकडे असे पाहिले, जणू ते आत्ताच आले होते. दमणी, चौरंग, पंचा, सगळ्याची तयारी झाली होती. एवढे मात्र कोणाच्या ध्यानात आले नव्हते.

"कुशीवर नाही का चालायचं, वन्सं?" सासूबाईंनी विचारले.

"पाठ वर हवी. पाय काय भिंतीला लावायचाय मला?" आत्याबाई मागील दाराकडे वळल्या. "वाडीत माडाखाली वाळू उकरा. हिचं पोट मावेल एवढा खळगा करा."

बायकांनी करवंट्यांनी वाळू उपसली. वर जुने लुगडे अंथरले. दोघींच्या आधाराने मी गुडघ्यांवर आले आणि हळूहळू खाली झाले. पोट खळग्यात उतरले, आणि इतके दिवस कंबरेला टांगलेले ओझे कोणीतरी काढून घेतले. लुगड्याखालची वाळू गार होती. टाचेपासून कळ सैल होत वर सरकली. मग आत, अगदी स्पष्ट, मूल वळले.

मला रडू आले. बायकांना वाटले, दुखते आहे.

"जा, चहा टाका सगळ्याजणी," आत्याबाई म्हणाल्या. बायका गेल्यावर त्यांनी माझ्या कंबरेवर पाय ठेवला; ठेवला म्हणजे नुसता टेकवला. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला.

"हलतंय का?"

"हलतंय."

"माझे पाय आधी आले, डोकं अडकलं. आईनं मला पाहिलंसुद्धा नाही. आणि लोक माझे पाय धुतात." त्यांनी पाय काढून घेतला. "कोणाला सांगू नकोस. त्यांना चहा पिऊ दे सुखानं."

चौरंग आणि पंचा पाहून मला जे खोचक सुचले होते, ते तिथेच राहिले.

शीर सुटली याचे श्रेय पायाला गेले. खरे तर ती सुटली नव्हती. संध्याकाळी कळ परत येई. पण रोज सकाळी मी त्या खळग्यात पडून राही आणि मूल हलल्याशिवाय उठत नसे.

कळा लागल्याचा निरोप रेवदंड्याला कोणी धाडला कोण जाणे. आत्याबाई आल्या, पण या खेपेला पाय धुवायला थांबल्या नाहीत. बाळंतिणीच्या खोलीबाहेर जमिनीवरच बसून राहिल्या. मूल रडले. सुईण दार किलकिले करून बाहेर डोकावली, तेव्हा त्यांचा प्रश्न मला आत ऐकू आला.

"डोकं आधी ना?"

"व्हय बाय, डोकंच. पोरगी हाय."

"आणि ती?"

"पानी मागते."

"मग दे ना तिला," आत्याबाई म्हणाल्या. "उभी काय राहिलीस?"